धाऊकाकांची जर्मन कणगी

आमच्या वाचनालयात जर्मन शब्दकोश नाही, हे मी धाऊकाकांना गेल्या बावीस वर्षांत शंभर वेळा तरी सांगितलं असेल. ते दर मंगळवारी येतात. चपला दाराबाहेर काढतात, टेबलापाशी येतात आणि विचारतात, "आला का गो संजीवनीबाय?" मी म्हणते, नाही आला. ते समजूतदारपणे मान हलवतात आणि वर्तमानपत्र घेऊन बसतात. शहापूरसारख्या तालुक्याच्या गावात मी एका माणसासाठी जर्मन शब्दकोश मागवला, तर आमचं कार्यकारी मंडळ मला घरी बसवेल. हेही त्यांना सांगून झालंय. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, "आला का गो बाय?"

पूर्ण नाव धाऊ निचिते. वय अडुसष्ट. किन्हवलीच्या पुढे सरळगावच्या रस्त्याला आत तीन किलोमीटरवर त्यांचं गाव आहे. भाताची शेती दोघे भाऊ मिळून करतात, पण धाऊकाकांची तीस वर्षं गेली वाशिंदच्या एका कारखान्यात, फिटर म्हणून. आणि या माणसाच्या घरात एकोणीस जुनी जर्मन पुस्तकं आहेत. त्यातलं सगळ्यात नवं सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. घड्याळाची दातेरी चाकं कशी कापायची, भिंगं कशी घासायची, जमीन कशी मोजायची, कापड निळं कसं रंगवायचं, असली पुस्तकं. कथा नाही, कविता नाही, धर्म नाही. मी एकदा विचारलं, "काका, एखादी गोष्टीची जुनी जर्मन पोथी मिळाली तर घ्याल का?" ते म्हणाले, "गोष्टी काय, मराठीत पन हायत."

हे वेड लागलं ते कारखान्यात. एक मोठं मशीन जर्मनीहून आलं. बसवायला तिकडूनच एक इंजिनियर आला, आठ महिने राहिला आणि गेला. मागे राहिली सहाशे पानांची माहितीपुस्तिका, सगळी जर्मनमध्ये. भाषांतर येणार येणार म्हणून साहेब लोक वाट बघत बसले. तो इंजिनियर जाण्यापूर्वी धाऊकाकांनी त्याच्याकडून एक व्याकरणाचं पुस्तक मागून घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत रोज एक पान, असं करत दोन वर्षांत त्यांनी ती पुस्तिका संपवली. नंतर मशीन अडलं की साहेब केबिन सोडून त्यांच्याकडे यायचे. याचं कौतुक त्यांना अजून आहे. सांगताना आवाज बारीक करतात, पण सांगतात नक्की.

मग कधीतरी कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडे वाकड्यातिकड्या अक्षरांचं एक पुस्तक दिसलं. रद्दीवाला त्याच्या पुड्या बांधायच्या बेतात होता. ती जुनी जर्मन अक्षरं आजच्या जर्मन माणसालाही धड वाचता येत नाहीत म्हणतात. काकांनी ती वाचायला स्वतःच शिकून घेतली, एकच पान चार महिने समोर ठेवून. तिथून पुढे मुंबईत कुठे जुनी गिरणी बंद झाली, कुठे मिशनच्या बंगल्याचा माळा साफ झाला, कुठे एखाद्या म्हाताऱ्या इंजिनियरचं घर रिकामं झालं, की रविवारी हे तिथे हजर. घरी नवीन पत्रे घालायचे राहिले, देवकीकाकूंची पाटल्यांची हौस राहिली. "सवत आनली असती तर निदान भांडी तरी घासली असती," असं काकू माझ्यासमोर म्हणाल्या आहेत, आणि काका हसले आहेत. मला त्या वेळी हसू आलं नाही.

पुस्तकं ठेवतात कशात? कणगीत. काकांच्या आईची बियाण्याची कणगी होती, बांबूची विणलेली, शेणमातीने आतून-बाहेरून लिंपलेली, छातीएवढी उंच. मृग लागायच्या आधी काका एकेक पुस्तक जुन्या धुवट लुगड्याच्या फडक्यात बांधतात. तळाला भाताचं तूस, त्यावर निरगुडीचा वाळलेला पाला, त्यावर पुस्तकं, पुन्हा तूस, पुन्हा पाला. वर झाकण ठेवून त्याची कड शेणमातीने बंद करतात. ती कणगी दसरा झाल्यावर उघडायची. त्याच्या आत नाही. बियाण्याला त्यांची आई हेच करायची, फक्त महिने वेगळे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला होता. पण खरं सांगते, आमच्या वाचनालयातल्या लोखंडी कपाटात चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकांना बुरशी लागते आणि त्यांच्या कणगीतून तीनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक कोरडं ठणठणीत बाहेर येतं.

एकदाच त्यांनी नियम मोडला होता. २००५च्या श्रावणात मुंबईहून कुणी प्राध्यापक आले, पुस्तक बघायचंच म्हणाले. एवढा मोठा माणूस दारात आला म्हणून काकांनी कणगी उघडली, पुस्तक दाखवलं, तोंड पुन्हा लिंपलं. पण श्रावणात लेप वाळतो कसला! ओल आत गेली. दसऱ्याला उघडली तेव्हा तेवीसपैकी चार पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. प्राध्यापकांचं नंतर पत्रसुद्धा आलं नाही. त्या चार पुस्तकांची नावं काका अजून म्हणून दाखवतात.

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं सांगते आहे, ते पुस्तक. पाणी वर चढवण्याची यंत्रं, म्हणजे पंप, रहाट, पाणचक्क्या, यांच्यावरचं. साधारण तीनशे वर्षांपूर्वी छापलेलं, तीनशे दहा पानं मजकूर. शेवटी चोवीस चित्रपानं होती, जाड कागदाची, पानभर मोठी. होती म्हणायचं, कारण काकांच्या हातात पुस्तक आलं तेव्हा ती कुणीतरी ब्लेडने कापून नेली होती. बांधणीत बोटभर कडा तेवढ्या उरल्या होत्या. जुन्या पुस्तकांचे व्यापारी असं करतात म्हणे, चित्रं वेगळी विकतात, पुस्तक वेगळं. माझ्या हातात तो ब्लेडवाला सापडला पाहिजे.

आणि मजकूर असा की प्रत्येक ओळीत चित्राचा हवाला. "सातव्या चित्रात क जवळचा दांडा बघा, तो ड ला कसा टेकतो ते बघा." बघा, बघा, आणि बघायला काही नाही! दुसऱ्या कुणी ते पुस्तक ठेवून दिलं असतं. धाऊकाकांनी चित्रं काढली. मजकूर वाचून, फिटरच्या डोक्याने अंदाज बांधून, कारखान्याच्या जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या कागदांवर, पट्टी-गुण्या-कंपास घेऊन. हा दांडा इथे टेकतो म्हणजे तो एवढ्याच लांबीचा असणार, झडप खाली पडते म्हणजे बिजागरी वर असणार. चोवीस चित्रांना अकरा वर्षं लागली. मी ती पाहिली आहेत. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण ती पाहताना पाणी कुठून कुठे जातंय ते कळतं. मी दर हिवाळ्यात म्हणायची, काका, पुस्तकाचे आणि चित्रांचे फोटो काढून ठेवू. आणि दर हिवाळ्यात माझं वार्षिक तपासणीचं काम निघायचं. हा दोष माझा आहे, तो मी कुणावर ढकलत नाही.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी मला एक फोन आला. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला, टोकावड्याच्या अलीकडे एक रिसॉर्ट आहे. तिथली मॅनेजर रुचिता. म्हणाली, "मॅडम, आम्हाला रीडिंग कॉर्नर करायचाय. तुमच्याकडे जुनी पुस्तकं असतील ना, ब्राऊन कव्हरवाली? साधारण आठ फूट." मी विचारलं, कोणत्या विषयावरची? ती म्हणाली, "विषय काहीही चालेल. हाइट सेम पाहिजे." मला संताप आला, पण आमच्याकडे बाद केलेली पुस्तकं पोत्यांत पडून होती, आणि मंडळाचा आग्रह होता. मंगळवार होता. धाऊकाका समोर बसले होते. पोती उतरवायला, आणि खरं तर रिसॉर्ट कसं असतं ते बघायला, तेही टेम्पोत बसले.

रिसेप्शनच्या भिंतीवर काळ्या चौकटीत एक चित्र होतं. मोठं चाक, त्याला जोडलेले चार दांडे, बाजूला त्रिकोणी टोपी घातलेला माणूस बोट दाखवत उभा. वरच्या कोपऱ्यात आकडा, पाच. काकांनी हातातलं पोतं तिथेच सोडलं. ते भिंतीजवळ गेले, काचेला नाक लावलं, आणि काचेवर एकेक जागा बोटाने चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, ही बघ भोकं. तीन. हा माझाच किडा हाय."

किड्याचं असं आहे. त्या पुस्तकाला मागच्या पुठ्ठ्यातून कीड लागली होती, कधीकाळी, दीड-दोनशे वर्षांपूर्वी. ती चित्रपानांतून आरपार जाऊन मजकुराच्या शेवटच्या चाळीस पानांत थांबली होती. तीन भोकं, एक मोठं, दोन बारीक. काका दर हिवाळ्यात बटर पेपरवर त्या भोकांची जागा उतरवून घेतात, कीड पुन्हा जिवंत होऊन पुढे सरकली का ते कळावं म्हणून. त्यामुळे ती भोकं त्यांना पाठ होती. म्हणजे ती नुसती त्या पुस्तकाची चित्रं नव्हती. ती त्याच प्रतीतून कापलेली चित्रं होती. कुठे कोण विकणारा, कुठे कोण सजावटवाला, आणि फिरून फिरून घरापासून तासाभराच्या रस्त्यावर येऊन लटकली होती.

"बाकीची?" मी रुचिताला विचारलं. ती म्हणाली, प्रत्येक कॉटेजमध्ये एकेक. तेवीस कॉटेज, तेवीस चित्रं.

मला वाटलं, झालं काम. कसलं काय! पावसाळा म्हणजे त्यांचा सीझन, धबधबे बघायला आलेल्या लोकांनी सगळी कॉटेज भरलेली. "गेस्ट आहेत मॅडम, मी दार कसं उघडू?" मी फोटो पाठवायला सांगितलं. पंधरा दिवस तगादा लावल्यावर तीन फोटो आले. एकात काचेवर ट्यूबलाइट, एकात काचेवर तिचाच फोन, तिसऱ्यात अर्धं चित्र आणि अर्धा पडदा. काका मोबाइल हातात धरून अंगठ्याने चित्र मोठं करत राहिले. अक्षरं फुटत गेली. "क दिसतो. ड कुठं हाय ते नाय कळत," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात रुचिताचाच फोन आला. तिने मालकांच्या कानावर घातलं होतं. मालक मुंबईचे, महिन्यातून एकदा यायचे. त्यांचं म्हणणं ऐकून मी खुर्चीवर सरळ बसले. ते म्हणाले होते, "खरंच त्या पुस्तकातली असतील तर घेऊन जाऊ दे. मला काय, मी दुसरी लावीन. फक्त पुस्तक घेऊन या. भोकं जुळली की चित्रं तुमची. रविवारी मी आहे."

मी लगेच किन्हवलीची एसटी पकडली. चिखल तुडवत काकांच्या घरी पोचले, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काका पडवीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कणगीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आषाढ हाय."

"मग?"

"कणगी नाय उघडत."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मग मी दीड तास भांडले. हो, भांडलेच. मी म्हटलं, पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या मांडीवर नेते. ते म्हणाले, "जे भायेर येल त्याची चिंता नाय गो. आत ऱ्हातील त्यांची हाय. तोंड उघडलं की पुना लिंपाया लागंल. लेप वाळाया ऊन कुठंय? ओला लेप सगली ओल आत सोडतो." मी म्हटलं, लेप नको, चिकटपट्टी लावा. "प्लास्टिकला घाम सुटतो." सगळीच पुस्तकं बाहेर काढून वाचनालयात ठेवू. "तुज्या कपाटात? बुरशी लागंल त्यांना." देवकीकाकू भाकऱ्या थापत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "आवो, एवढी वर्सं चित्रं नाय, चित्रं नाय करून जीव खाल्ला माझा. आता मिलतात तर उघडा ना मेली!" मी शेवटी म्हणाले, "काका, अकरा वर्षं त्या चित्रांसाठी घातलीत. ती तिकडे भिंतीवर आहेत. एका रविवारचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "चोविसांसाठी आतली अठरा नाय घालवाची मना. चार गेलेत."

त्या चार पुस्तकांपुढे कुणाचं काही चालत नाही. पण मला तेव्हाही वाटलं होतं की काका माझ्या डोळ्यांत बघून बोलत नाहीयेत.

रविवारी आम्ही गेलो ते बटर पेपर घेऊन. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, केसाला तेल लावलं होतं. मालक साधे होते, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. रुचिताने पाच नंबरचं चित्र चौकटीतून काढून टेबलावर ठेवलं. काकांनी त्यावर बटर पेपर पसरला, कोपरे जुळवले आणि बोट उचललं. तिन्ही भोकं तिन्ही भोकांवर. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. मालकांनी वाकून पाहिलं, "वा" म्हणाले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "पण काका, हे भोकांचं ट्रेसिंग आहे. असं कुणीही करेल. पुस्तक कुठाय?"

मी त्यांना कणगीचं सांगायला लागले. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. तीनशे वर्षांपूर्वीचं जर्मन पुस्तक भाताच्या कणगीत आहे आणि आषाढ आहे म्हणून ते आणता येत नाही, हे कुणाला पटेल? माझ्या फोनात पुस्तकाच्या पहिल्या पानाचा एक जुना फोटो होता. तो दाखवला. पहिल्या पानाला भोकं नव्हती.

मालक वाईट माणूस नव्हता हो, हाच तर त्रास आहे. तो म्हणाला, "ठीक आहे, दसऱ्यानंतर या. मी ठेवतो." आणि मला खात्री आहे, त्या क्षणी त्याला तसंच वाटत होतं. काकांनी हात जोडले. परतताना सरळगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. त्यांनी दोन कप चहा आणला, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चाकाला पाचमध्ये बारा पाती हायत. मी पन बाराच काढली व्हती." ते खूश होते! मी चहा गरम असतानाच गिळला, म्हणजे तोंडातून काही निघणार नाही.

ऑगस्टमध्ये मी दोनदा फोन केला. रुचिता म्हणाली, हो हो मॅडम, आहेत. सप्टेंबरमध्ये तिचा फोन लागेना. नंतर कळलं की तिने कल्याणला दुसरी नोकरी धरली होती.

दसरा झाला. काकांनी कणगी उघडली. पुस्तक कोरडं, खणखणीत. फडक्यात बांधून, वर टॉवेल गुंडाळून त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि आम्ही टोकावड्याच्या बाजूला गेलो. रिसेप्शनच्या भिंतीवर पितळेचे तांबे लावले होते. कॉटेजमध्ये वारली चित्रांचे स्टिकर. नव्या मॅनेजरला काही माहीत नव्हतं. त्याने दोन-चार फोन केले आणि सांगितलं, "जुनी डिझाइन बदलली ना मॅडम गणपतीच्या आधी. फ्रेम चांगल्या होत्या, त्या मुरबाडच्या एका फ्रेमवाल्याला दिल्या. सगळ्या एकदम." मालकांना फोन लावला. ते मनापासून हळहळले. "अरे यार, सांगायचं राहिलं," म्हणाले.

मुरबाडच्या बाजारात तो फ्रेमवाला सापडला. संदेश नावाचा, तिशीचा, कामात तरबेज. त्याला आठवत होतं. "हां, ते मशीनचे कागद. मस्त जाड कागद व्हते." होते म्हणजे? तर फोटोच्या मागे आधाराला जाड कागद लागतो. देवाचे फोटो, लग्नाचे फोटो, सत्काराची मानपत्रं. गणपती-नवरात्रात त्याला फुरसत नव्हती. त्याने ते कागद साइजप्रमाणे कापले आणि फोटोंच्या मागे लावले. कुणाकुणाला दिले? "ताई, शंभर गिऱ्हाईक येतं. कोन लक्षात ठेवतो?" म्हणजे आज मुरबाड तालुक्यात कुणाच्या घरी लक्ष्मीच्या मागे, कुणाच्या घरी निवृत्तीच्या मानपत्रामागे धाऊकाकांच्या पुस्तकातली चित्रं तुकड्या-तुकड्यांत उभी आहेत आणि त्या घरांना त्याचा पत्ता नाही. मी त्या दुकानात रडले. रागाने रडले. संदेश बिचारा घाबरला, आणि त्याने दुकानातले सगळे कागद खाली काढले. कोपऱ्यात एका मोठ्या लग्नाच्या फोटोला लावायचा राहिलेला एक अख्खा कागद निघाला. चित्र सतरावं.

तो कागद आणि पुस्तक घेऊन आम्ही काकांच्या घरी आलो. दिवस मावळायला अजून वेळ होता. काकांनी पडवीत सतरंजी अंथरली. पुस्तक उघडून सतराव्या चित्राचा कागद कापलेल्या कडेला लावला. तीन भोकं शेवटच्या पानांतल्या भोकांशी जुळली. देवकीकाकूंनी हात जोडले, का कुणास ठाऊक. मग काकांनी कणगीतून काढलेल्या आपल्या चित्रांतलं सतरावं चित्र घेतलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं.

मलासुद्धा लगेच दिसलं. काकांच्या चित्रात पाणी वरून पन्हाळीतून येऊन चाकावर पडत होतं आणि चाक फिरत होतं. छापलेल्या चित्रात पन्हाळी नव्हतीच. चाक खाली ओढ्यात बुडलेलं होतं, पाणी त्याला तळातून ढकलत होतं, आणि चाक उलटं फिरत होतं. मजकुरात हे कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याने कशाला लिहावं, चित्रात दिसत होतं की.

"एकच चुकलंय ना," मी म्हणाले.

काका म्हणाले, "अठरा ते चोवीस याच चाकावर हायत." मग म्हणाले, "आनि एक ते सोळा बरोबर हायत, असं कुनी सांगितलं? पाचाची पाती मोजली मी. दांडे नाय मोजले."

मला काय वाटलं ते सांगते. जुलैपासून एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, की काका, मी सांगत होते, कणगी उघडा. दसऱ्यानंतर हे सुनवायचंच, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण त्यांच्याकडे बघितल्यावर ते वाक्य माझ्याच्याने बोलवेना. उलट मीच त्यांची बाजू घेतली. म्हणाले, "काका, तुम्ही तरी काय करणार होता? आषाढात लेप वाळला नसता. आतली अठराच्या अठरा गेली असती."

"वाळला असता," काका म्हणाले. ते कागदाकडेच बघत होते. "आईच्या टायमाला एकदा भर पावसात बी काढाया लागलं व्हतं. तिनं कनगीच्या भवती शेगड्या ठेवल्या आनि दोन रोजात लेप वाळवला. तू त्या दिवशी आलीस ना चिखलातून, मना तवाच आठवलं व्हतं. तू भांडत व्हतीस आनि मी शेगड्याच मोजत व्हतो मनात. घरात दोन, भावाकडं एक."

देवकीकाकू आतून बाहेर आल्या. "मग बोलला का नाय?"

काकांनी आपलं चित्र उचललं, त्यावर न पडलेली धूळ हाताने पुसली. "ती चित्रं इथं आली असती, तर माझी चित्रं त्यांच्या शेजारी ठेवाया लागली असती," ते म्हणाले. "संजीवनीबायनं बघितली असती. सगल्यांनी बघितली असती. अकरा वर्सं गो. भ्यालो मी."